टोफू रात्रभर मॅरिनेट करून खरंच काही उपयोग होतो का?

रसपारखी
टोफूच्या पाककृतींमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "तुकडे मसाल्यात किमान चार तास, शक्यतो रात्रभर मुरवा." माझ्या मते हा वेळ वाया जातो. इतकंच नव्हे, तर बहुतेकांचा टोफू बेचव आणि चिवट होतो तो या सल्ल्यामुळेच.

घट्ट टोफूमध्ये वजनाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं, आणि ते प्रथिनांच्या बारीक जाळीत धरलेलं असतं. म्हणजे आत जागा रिकामी नसतेच. बाहेरचा रस आत "शोषला" जात नाही, त्यातलं जे पाण्यात विरघळतं तेवढंच हळूहळू आत सरकतं. मीठ आणि साखर सरकतात. लसूण, मिरची, जिरं यांचा स्वाद मुख्यतः तेलात उतरणारा, तो पृष्ठभागावरच राहतो. शिवाय आत सरकण्याचा हिशेब असा की खोली दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो. मीठ २ मिमी आत जायला अर्धा-पाऊण तास लागत असेल तर ४ मिमीला दोन-तीन तास लागतात. रात्रभर ठेवून हाती फार काही लागत नाही.

आणि तोटे खरे आहेत. ओला, साखर असलेला तुकडा तव्यावर गेला की आधी पाणी उडेपर्यंत वाफलतो, मग साखर जळते आणि तुकडा चिकटतो. वर लागलेला लसूण काळा पडून कडू होतो.

माझी पद्धत, ४०० ग्रॅम घट्ट टोफूसाठी: २ सेंमीचे तुकडे करा. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ घालून उकळा, गॅस बंद करा, त्यात तुकडे १५ मिनिटं ठेवा. निथळून कापडावर पसरा आणि वरून टिपा. २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरवून लगेच २ मोठे चमचे तेलात मध्यम-मोठ्या आचेवर परता. पहिली बाजू ३-४ मिनिटं अजिबात हलवायची नाही. रस वेगळा करा: सोया सॉस २ मोठे चमचे, व्हिनेगर १, साखर १, पाणी ४, किसलेलं आलं-लसूण. तो आटून चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की तुकडे घालायचे, अर्धा मिनिट घोळवायचे, गॅस बंद. मीठ आतून, बाकी सगळी चव बाहेरून.

मंद_आच
हिशेब तुमचाच घेतो, पण निष्कर्ष उलटा निघतो. २ सेंमीच्या तुकड्याचा बाहेरचा २ मिमीचा थर म्हणजे घनफळाने जवळपास निम्मा तुकडा. आतला गाभा १६ मिमीचा उरतो, आणि १६ चा घन भागिले २० चा घन म्हणजे ०.५१. मग अर्ध्या-पाऊण तासात निम्म्या टोफूला मीठ, साखर, आंबटपणा आणि सोया सॉसमधला ग्लुटामेट (चव भरीव करणारा घटक) मिळत असेल तर मॅरिनेट करणं निरुपयोगी कसं? "रात्रभर नको" इतकं म्हणा, तिथे सहमत आहे.

१ सेंमी जाडीचे चपटे काप केले तर फायदा अजून मोठा. ओव्हनमध्ये करायचं असेल तर मी मॅरिनेशनच सुचवेन. सोया सॉस ३ मोठे चमचे, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १, पाणी ३, साखर १ छोटा चमचा. तेल यात घालायचं नाही. तेलाचा थर कापावर बसला की पाण्यातली चव अडते. चाळीस मिनिटांनी काप निथळून मग तेल चोळा, २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ओव्हनच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि राहिलेला रस तिथेच आटून चिकटतो. तव्यावर जी वाफलण्याची अडचण तुम्ही सांगता ती इथे येत नाही.

रसपारखी
@मंद_आच, ओव्हनसाठी चपटे काप, तेलाशिवाय, चाळीस मिनिटं, हे मान्य. पण हे काही पाककृतींत लिहिलेलं मॅरिनेशन नव्हे. तिथे अर्धी वाटी तेल, आठ मसाले आणि रात्रभर फ्रीज असतो. माझा विरोध त्याला आहे. आणि तव्यासाठी माझं मत तेच: चव आत घालण्याचं काम मिठाच्या गरम पाण्याने जास्त चांगलं होतं, कारण गरम पाण्यात मीठ लवकर सरकतं आणि उष्णतेने पृष्ठभागाजवळची प्रथिनं आवळून थोडं पाणी बाहेरही टाकतात. एका कामात दोन कामं.

वजनकाटा
दोघेही दाबण्याबद्दल बोलत नाही आहात. घट्ट टोफू दाबल्याशिवाय तव्यावर टाकू नये. अख्खा ठोकळा दाबू नका, आधी त्याचे दीड-दोन सेंमीचे आडवे काप करा. पाण्याला बाहेर यायला अंतर कमी पडतं आणि काम लवकर होतं. काप कापडात, वर सपाट ताटली, त्यावर १ ते दीड किलो वजन, २० मिनिटं. त्याहून जड ठेवलं तर कडा फाटतात आणि मधला भाग तसाच ओला राहतो. दाबलेला टोफू घट्ट लागतो, परतताना मोडत नाही, रसात घातल्यावर रस पातळ करत नाही.

रसपारखी
रस पातळ होत नाही हा मुद्दा वजनदार आहे, विशेषतः रस्सेदार पदार्थात. पण कुरकुरीतपणासाठी आतलं पाणी काढायची गरज नाही. तिथे पृष्ठभाग कोरडा असणं एवढंच हवं. आत ओलावा राहिला तर बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ असा फरक जिभेला कळतो. जास्त दाबलेला टोफू सगळीकडून सारखाच रबरी लागतो.

हिमकण
या वादाला तिसरी बाजू आहे: टोफू गोठवा. धागाकर्त्यांनी म्हटलंय की आत जागा रिकामी नसते. बरोबर, पण ती करता येते. टोफूतलं पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक वाढतात आणि प्रथिनांची जाळी बाजूला ढकलून दाट करतात. बर्फ वितळला की तिथे पोकळ्या राहतात. पिळला की पाणी झरझर निघतं, आणि मग तो स्पंजसारखा रस ओढतो. जपानमध्ये गोठवून वाळवलेला कोया-दोफू, चीनमध्ये गोठवलेला टोफू, दोन्ही याच तत्त्वावर.

करायचं असं: घट्ट टोफू, २ सेंमीचे काप, एकमेकांना न चिकटतील असे फ्रीजरमध्ये, निदान रात्रभर. रंग पिवळसर होतो, घाबरू नका, वितळल्यावर बराचसा परत पांढरा होतो. पूर्ण वितळू द्या. मध्ये बर्फ असताना पिळलं तर तुकडा चिरतो. मग दोन तळहातांमध्ये सपाट धरून दाबा, मूठ आवळून नाही.

इथे एक चूक फार होते. हा टोफू इतका रस पितो की निव्वळ सोया सॉस घातला तर खारट होऊन टाकावा लागेल. १ भाग सोया सॉसला ६-७ भाग पाणी किंवा भाज्यांचं पाणी, इतकं सौम्य ठेवा. दहा मिनिटं पुरतात. मग हलकेच दाबून जास्तीचा रस काढा आणि परता, किंवा तसाच सूपमध्ये सोडा. आतपर्यंत चव असलेला टोफू याशिवाय दुसऱ्या पद्धतीने होत नाही.

मंद_आच
गोठवलेल्याचा पोत मात्र बदलतो. तो चावावा लागतो, तंतुमय होतो. दाट रस्सा, सूप, कुस्करून केलेलं सारण यांना उत्तम. ज्यांना टोफूचा मऊपणाच आवडतो त्यांच्यासाठी हा उपाय नाही.

नवशिकी_कढई
प्रश्न आहे. कॉर्नफ्लोअर लावल्यावर परतताना कुरकुरीत होतं, पण रसात घातलं की पाच मिनिटांत बुळबुळीत साल सुटतं. काय चुकतं?

वजनकाटा
तीन शक्यता. पीठ लावून तुकडे दहा-पंधरा मिनिटं तसेच ठेवले तर पीठ ओलं होऊन चिकट लगदा बनतो. लावलं की लगेच तव्यावर. दुसरं, रस पातळ असतो आणि तुकडे त्यात उकळले जातात. रस आधी आटवा, तुकडे शेवटी. तिसरं, कढईवर झाकण. झाकणाची वाफ परत पडली की सगळी मेहनत गेली. आणि घोळवल्यावर लगेच वाढा. कुरकुरीत कड रसात टिकत नाही, कोणतंही पीठ लावा.

मऊसूत
सगळा धागा घट्ट टोफू आणि कुरकुरीत कडेवर चाललाय, जणू टोफू चवदार करायचा दुसरा मार्गच नाही. मला हे मुळातूनच पटत नाही. मऊ टोफूत चव घुसवायची नसते, तो चवदार रसाचा दाटपणा आणि गारवा-उष्णता पेलतो. चव रसात हवी, आणि ती जरा जास्तच तीव्र हवी, कारण प्रत्येक घासात निम्मा बेचव टोफू असणार आहे.

चीनमधल्या सिचुआन प्रांताचा मापो टोफू घ्या. मूळ पदार्थात खिमा असतो, शाकाहारी रूपात वाळवलेले शिताके मश्रूम. ४०० ग्रॅम मऊ टोफूचे २ सेंमीचे तुकडे, उकळी न फुटलेल्या गरम पाण्यात (५०० मिलीला १ छोटा चमचा मीठ) ५ मिनिटं. दाबायचं नाही, फडक्यात बांधायचं नाही. याने कच्चट वास कमी होतो आणि तुकडे थोडे आवळतात, पुढे कमी मोडतात. कढईत ३ मोठे चमचे तेल, त्यात आंबवलेली मिरची-बीन पेस्ट दीड मोठा चमचा, मंद आचेवर तेल लाल होईपर्यंत. इथे घाई केली तर पेस्ट करपते आणि तेलात रंग-चव उतरत नाही. मग आलं, लसूण, बारीक चिरलेले भिजवलेले मश्रूम, आणि मश्रूम भिजवलेलं २५० मिली पाणी. टोफू निथळून त्यात सोडा, ५-६ मिनिटं मंद उकळी. ढवळायचं नाही, झाऱ्याच्या पाठीने हलकेच पुढे ढकलायचं.

शेवटची पायरी बहुतेक जण चुकवतात. १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर ३ मोठे चमचे पाण्यात कालवून तीन वेळा थोडं थोडं घाला, दर वेळी अर्धा मिनिट थांबून. एकदम घातलं तर रस लगेच दाट दिसतो, पण टोफू पाणी सोडतच असतो आणि ताटात येईपर्यंत रस पुन्हा पातळ होऊन तुकड्यांवरून ओघळतो. वरून भाजलेल्या सिचुआन मिरीची पूड. यात मॅरिनेशन कुठेही नाही, तळणं नाही, दाबणं नाही.

रसपारखी
@मऊसूत, उत्तम प्रतिसाद. चव बाहेरून आणायची हे तुम्हीही सांगताय, माझ्या पहिल्या मुद्द्याला हे पूरकच आहे. फक्त "जरा जास्त तीव्र" याला माप हवं. मी असं धरतो: रसातलं आणि टोफूतलं मिळून मीठ एकूण वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास यावं. ४०० ग्रॅम टोफू आणि २५० ग्रॅम रस असेल तर साडेसहा ग्रॅम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं, ते यातच मोजायचं. बीन पेस्टही फार खारट असते, म्हणून तिच्यानंतर चाखल्याशिवाय मीठ नको.

मऊसूत
पूरक नाही, विरोधी आहे. तुम्ही "मीठ आतून" हा पाया धरता. मी म्हणतो, मऊ टोफूचा गाभा अळणी असणं चांगलं. तिखट, खारट रसाच्या मध्ये तो अळणीपणा जिभेला उसंत देतो. सगळीकडे सारखी चव पोहोचवायचा अट्टाहास हीच चूक आहे.

मूळस्वाद
मिठावर इतकी चर्चा आणि उमामीवर, म्हणजे रसाळ, भरीव लागणाऱ्या चवीवर, कोणी नीट बोललं नाही. शाकाहारी टोफू "काहीतरी कमी आहे" असा लागतो तेव्हा बहुधा मीठ नाही, हे कमी असतं. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. वाळवलेल्या शिताकेमध्ये ग्वानिलेट हा उमामी वाढवणारा घटक असतो. दोन्ही एकत्र आले की उमामी बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. म्हणून १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू आणि ४-५ शिताके रात्रभर फ्रीजमध्ये गार भिजवून ठेवा. गरम करताना कोम्बू उकळी यायच्या आधी काढा, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. रात्रभर भिजवायचंच असेल तर टोफूऐवजी हे भिजवा. कोम्बू न मिळाल्यास टोमॅटो पेस्ट तेलात गडद होईपर्यंत परतून घ्या, नाहीतर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) शेवटी गॅस बंद करून मिसळा.

हिमकण
@मूळस्वाद, हेच पाणी गोठवलेल्या टोफूला पाजून बघा. १ लिटरमध्ये १०० मिली सोया सॉस आणि १ मोठा चमचा साखर, ८०० ग्रॅम पिळलेला टोफू, मंद आचेवर २० मिनिटं, मग त्याच पाण्यात गार होऊ द्या. गार होताना तो आणखी रस धरतो, गरम असताना काढला तर बाहेरच खारट लागतो.

मंद_आच
बघा, "गार होईपर्यंत रसात ठेवा" म्हणजे मुरवणंच झालं की.

रसपारखी
गोठवलेल्यासाठी हो. न गोठवलेला टोफू याच रसात २० मिनिटं उकळून गार करा आणि मधोमध कापून बघा, तपकिरी रंग कडेला दोन-तीन मिलिमीटरवर थांबलेला दिसेल. वाद त्या मधल्या पांढऱ्या भागाचा आहे.

मऊसूत
आणि तो पांढरा भाग मला हवा आहे.