गोळीचं वजन आणि माशी (नळीवरची नेम धरायची खूण)

घरात संरक्षणासाठी ठेवायच्या काडतुसाबद्दल इथे चर्चेत कुणीतरी म्हटलंय की जड गोळी लक्ष्यात खोल जाते, म्हणून ९ मिमी पिस्तुलात १४७ ग्रेनचीच (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घ्यावी. हा मुद्दा मला निम्माच पटतो. खोली वजनासोबत वेगावर आणि गोळीच्या बनावटीवरही ठरते. आखूड नळीत वेग घटला की पोकळ टोकाची गोळी, जी लागल्यावर पसरायला हवी, ती नीट उमलतही नाही. शिवाय आपल्याकडे ९ मिमी सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. आमच्या ग्वाल्हेरात, लष्करातल्या जुन्या घरांमधूनसुद्धा, बहुतेकांकडे .३२ इंच मापाचं रिव्हॉल्व्हर, त्यात साधारण ९८ ग्रेनची शिशाची गोळी. .३२ पिस्तुलाची गोळी ७१ ग्रेनच्या आसपास, पण ते काडतूसच वेगळं, रिव्हॉल्व्हरमध्ये मुळीच चालवू नये.

इथे कुणी न बोललेली गोष्ट म्हणजे नेम. जड गोळी हळू निघते, नळीत जास्त वेळ राहते. तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं जातं आणि गोळी वर लागते. हलकी खाली लागते. स्थिर, म्हणजे वरखाली न करता येणाऱ्या, माशीच्या रिव्हॉल्व्हरवर हा फरक रेंजवर स्पष्ट दिसतो, माझ्या हातून दिसलाय. म्हणून घरात जे काडतूस भरून ठेवणार, त्याच वजनाने सराव करा. सरावाला एक आणि कपाटात दुसरं, हे मला फार धोक्याचं वाटतं.