पॅचमध्ये एआयची मदत घेतली असल्यास ती कुठे नमूद करावी?

प्रश्न: लिनक्स कर्नलमधील एका ड्रायव्हरची छोटी दुरुस्ती (पॅच) पाठवण्याच्या तयारीत आहे. त्रुटी हाताळणारा भाग एआय साधनाकडून लिहून घेतला असून तो मी ओळ न् ओळ तपासला आहे. हे सांगणे आवश्यक आहे का, आणि असल्यास कुठे?

उत्तर १: अवश्य सांगावे. कर्नलच्या दस्तऐवजांत त्यासाठी ‘असिस्टेड-बाय’ ही ओळ दिली आहे. कमिट संदेशाच्या, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाच्या, शेवटी तीत साधनाचे व मॉडेलचे नाव लिहावे. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ मात्र तुमच्याच नावाने हवे, कारण २००४ पासून रूढ असलेली ती ओळ म्हणजे हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे अशी हमी असते, आणि ती हमी यंत्राने द्यायची नसते.

उत्तर २: हे कर्नलपुरते झाले. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये एआयनिर्मित योगदानास मनाई केली, आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रकल्पानेही २०२५ मध्ये तोच मार्ग धरला; तिथे प्रांजळपणे नमूद केले तरी उपयोग नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एडिटरने सुचवलेले व्हेरिएबलचे नाव स्वीकारले, तर तेही नोंदवायचे का?

उत्तर १: गिट, जीसीसी, एडिटर ही नेहमीची साधने नोंदवू नयेत, असे कर्नलच्या त्याच दस्तऐवजांत म्हटले आहे, एखाद्या नावासाठी मीही नोंद करणार नाही. तुमचा त्रुटी हाताळणारा भाग मात्र वेगळा आहे. प्रोब (ड्रायव्हर उपकरण वापरासाठी तयार करतो तो टप्पा) अर्ध्यावर फसल्यास घेतलेली मेमरी कोणत्या क्रमाने मोकळी होते, हे परीक्षकाने विचारले तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.