निळ्यात निळा: ग्रीन कार्डवाल्या घरांचे प्रवासानुभव

आमच्या घरात माणसं चार आणि पासपोर्ट दोन देशांचे. मी, बायको आणि पुण्यात जन्मलेली मुलगी असे तिघं भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्यावर. धाकटा इथे न्यू जर्सीत जन्मला, त्याचा पासपोर्ट अमेरिकन, सोबत ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. चारही पुस्तिका निळ्या, एकाच खणात. मागच्या डिसेंबरात निघायच्या चार दिवस आधी बायकोने मुलीचा पासपोर्ट उघडला, तर तो ऑगस्टमध्येच संपलेला. आमचे दहा वर्षांचे, म्हणून डोक्यात तिचाही दहाचाच. लहान मुलांना पाच वर्षांचा मिळतो हे अर्ज भरताना वाचलं होतं, पण पाच वर्षं कोण लक्षात ठेवतं! ग्रीन कार्ड ठणठणीत होतं, पण विमानात बसायला त्याचा काय उपयोग? आईच्या पंच्याहत्तरीला बायको आणि धाकटा गेले. मी आणि मुलगी इथे एडिसनमध्ये मोबाइल बरणीला टेकवून औक्षण बघत बसलो.

तर मंडळी, तुमचंही लिहा. नियम शोधले की सापडतात, मला काउंटरवर काय घडलं ते ऐकायचंय.

डॅलसहून

पहिलं बाळंतपण माहेरी हा आईचा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. इथे डिंकाचे लाडू कोण करून घालणार? सातव्या महिन्यात नाशिकला गेले. ग्रीन कार्ड मला होतं, नवऱ्यालाही. मुलगा झाला, महापालिकेचा जन्मदाखला निघाला, मग त्याच्या भारतीय पासपोर्टाचा अर्ज.

बाळाला व्हिसा लागत नाही हे आधीच विचारून ठेवलं होतं. ग्रीन कार्ड असलेली आई तात्पुरती परदेशी गेलेली असताना बाळ झालं, तर ते दोन वर्षांचं व्हायच्या आत, आई किंवा बाबा जन्मानंतर पहिल्यांदा अमेरिकेत परततात त्याच खेपेला, त्यांच्याबरोबर व्हिसाशिवाय येऊ शकतं. मेख आहे ती ‘पहिल्यांदा’मध्ये. पासपोर्ट यायला उशीर होत होता, माझी रजा संपत आली होती. सासूबाई म्हणाल्या, तू हो पुढे, बाळाला आम्ही सांभाळतो, दिवाळीत येऊन घेऊन जा. प्रेमानेच म्हणाल्या. ऐकलं असतं तर ती सवलत तिथेच संपली असती.

मुंबईच्या काउंटरवरचा मुलगा ‘बाळाचा व्हिसा?’ यावर अडून बसला. तीन महिन्यांचं पोर खांद्यावर, मागे रांग, आणि मी नियमाची छापील प्रत पुढे करतेय. त्याने सुपरवायझरला बोलावलं, तिने कुठेतरी फोन लावला, पाऊण तासाने बोर्डिंग पास हातात आला. अमेरिकेत उतरल्यावर उलट काहीच त्रास नाही. जन्मदाखला बघितला, कागद केले, कार्ड नंतर पोस्टाने आलं. प्रत छापूनच न्या. फोनमधलं कुणी वाचत नाही.

सांगलीच्या आजी, लेकाने लिहून घेतलेलं

माझं कार्ड तीन वर्षांपूर्वीचं. ह्यांच्या आजारपणात मी गावी अडकले, ती अकरा महिने. वर्ष झालं नाही ना, मग काय हरकत, असं मला वाटलं. विमानतळावर त्यांनी हिंदी बोलणारी बाई बोलावली. तिने विचारलं, माताजी, तुम्ही राहता कुठे? मी म्हटलं, सांगलीला. खोटं कशाला बोलायचं?

मग एका वेगळ्या खोलीत बसवून ठेवलं. दोन तासांनी कागद पुढ्यात आला, इथे सही करा म्हणजे लवकर मोकळ्या व्हाल. माझा चष्मा मोठ्या बॅगेत, बॅग बाहेर पट्ट्यावर गरगर फिरतेय. पतसंस्थेत एकदा न वाचता जामीन राहिले होते, तेव्हापासून कानाला खडा. म्हटलं, लेक बाहेर उभा आहे, त्याला दाखवल्याशिवाय सही नाही.

(लेक: तो कागद आय-४०७, म्हणजे आपण होऊन ग्रीन कार्ड सोडतोय असं लिहून देण्याचा. सही करायची सक्ती नसते. नाही केली तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते. आईला शेवटी ताकीद देऊन सोडलं. बाबांसाठी तिला पुन्हा जावं लागणार, म्हणून आता रीएंट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत यायची परवानगी, काढलंय, अर्ज आय-१३१. तो भरताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो, गावाहून भरून चालत नाही. परमिट दोन वर्षांपर्यंतचं मिळतं. आणि आईला कितीही शिकवलं तरी ती अजून सांगलीलाच राहते.)

ऑस्टिनहून, थोडक्यात

भारतीय पासपोर्टात माझ्या नावाला चिकटून नवऱ्याचं नाव, पुढे सासरचं आडनाव. ग्रीन कार्ड लग्नाआधीचं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही समोर धरून शांतपणे विचारलं, यातले हे दोन पुरुष कोण? तिकीट पासपोर्टाबरहुकूम काढते आणि विवाह नोंदणीचा दाखला पर्समध्ये असतो. कार्ड बदलून घ्यायचा आळस आहे, मान्य.

सॅन होजेहून

बाबा २०२० च्या मे महिन्यात गेले, अगदी सुरुवातीला, नागपूरला. त्याच आठवड्यात वंदे भारतची, म्हणजे कोविडमुळे परदेशात अडकलेल्या भारतीयांना घरी नेणारी, विमानं सुरू झाली. आम्ही नवराबायको ग्रीन कार्डवर, पासपोर्ट भारतीय, आम्हाला येऊ देणार होते. मुलगी आठ महिन्यांची, इथली नागरिक, आणि ओसीआयवरचा प्रवास मार्चपासून स्थगित. तिला नेता येईना, अंगावर पिणाऱ्या पोरीला ठेवून बायकोला निघता येईना. भारतीय आईवडिलांच्या परदेशात जन्मलेल्या अल्पवयीन मुलांना २२ मे रोजी सूट मिळाली. तोवर तेरावं होऊन गेलं होतं.

मी एकटा जाऊ शकलो असतो. चौदा दिवसांचं विलगीकरण धरलं तर तेराव्यालाही पोचलो नसतो, म्हणून थांबलो. हे कारण खरं होतं की नंतर मी स्वतःला पटवलेलं, ते अजून ठरत नाही.

बफेलोहून

वरचं वाचून काही हलकं लिहावंसं वाटत नव्हतं, पण कुणाच्या उपयोगी पडेल. कॅनडाला ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, मात्र २६ एप्रिल २०२२ पासून कार्डाबरोबर आपल्या देशाचा चालू पासपोर्टही दाखवावा लागतो. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मी मुलाला घेऊन नायगाराच्या पलीकडल्या काठाला निघाले. पुलावर अधिकाऱ्याने मागच्या सीटवर डोकावून विचारलं, तुम्ही कुठे चाललात हे बाबांना माहीत आहे का? चिरंजीव म्हणाले, नो. बाबांनी सकाळी स्वतः त्याला पराठे बांधून दिले होते! गाडी बाजूला, नवऱ्याला ऑफिसात फोन, अर्धा तास. आता नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र पासपोर्टाच्याच पाकिटात असतं.

शिकागोहून

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मुलगी बारा वर्षांची, ग्रीन कार्डवर, आमच्याजवळच राहणारी. अठराच्या आतल्या अशा मुलाचं नागरिकत्व आईबाबांपैकी एकाच्या शपथेबरोबर आपोआप होतं. म्हणजे मी हात वर केला आणि ही शाळेत गणिताच्या तासाला बसल्या बसल्या अमेरिकन झाली. तिचा भारतीय पासपोर्ट अजून तीन वर्षं चालू होता, उन्हाळ्याची तिकिटं काढलेली. जाऊन येऊ त्याच्यावर, असं मी म्हणत होतो. बायकोच्या मैत्रिणीने अक्षरशः ओरडून थांबवलं. अमेरिकन पासपोर्ट, त्यावर भारताचा ई-व्हिसा, मग जुना पासपोर्ट रद्द करून घेणं, या क्रमाने केलं. लेकीला दुःख एकाच गोष्टीचं, जुन्या पासपोर्टातला तिचा टक्कल केलेला फोटो परत मिळेल का. मिळाला, कोपरा कापून.

पुन्हा एडिसनहून

सगळ्यांचे आभार. सांगलीच्या आजींना नमस्कार सांगा. माझाच एक प्रश्न: मुलगी मार्चमध्ये १४ ची होतेय. वाढदिवसानंतर तीस दिवसांच्या आत तिचं कार्ड बदलायचा अर्ज, आय-९०, भरून बोटांचे ठसे द्यायचे असतात, आणि आम्ही एप्रिलच्या मध्यावर पुण्याला निघतोय. नवा पासपोर्ट एकदाचा आला, तर आता हे. ठशांची तारीख नेमकी प्रवासात आली तर ती पुढे ढकलून मिळाल्याचा कुणाचा अनुभव आहे का?