शब्दचर्चा: प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यातलं बोलणं टिपणाऱ्या साधनाला काय म्हणावं?

लातूर, विचारणा
तंत्रनिकेतनातल्या पोरांसाठी लिनक्सची टिपणं मराठीत करायलोय. एक्सट्रेस आणि एक्सस्कोपपाशी गाडी अडली. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स नावाची व्यवस्था आहे. तिच्यात प्रोग्रॅम आणि पडदा सांभाळणारा डिस्प्ले सर्व्हर यांच्यात जे संदेश जातात-येतात, ते ही साधनं उघडे करून दाखवतात. खिडकी का उघडत नाही, उघडली तर कोरी का राहते, हे शोधायला. कोशात टेहळणी, पाळत, निरीक्षण, संनियंत्रण असे शब्द सापडले. संनियंत्रण परिपत्रकात शोभतं, वर्गात कोणी उच्चारणार नाही. तुम्ही काय म्हणता?

छत्रपती संभाजीनगर
टेहळणी नको. ती देवगिरीच्या बुरुजावरून करायची, समोर शत्रू असतो. पाळत संशयितावर ठेवतात. इथं प्रोग्रॅम आपलाच, बिघाडही आपलाच. निरीक्षण चालेल, पण ते सूक्ष्मदर्शकालाही लागतं आणि शाळा तपासणीलाही. मला ‘कानोसा’ बरा वाटतो. दोघं बोलतायत, आपण कान देऊन ऐकतोय.

नांदेड
ताई, शब्द गोड आहे, पण ऐकणारा उभा कुठं आहे ते बघा. कानोसा बाहेरून घेतात, बोलणाऱ्याला पत्ता नसतो. टीसीपीडंप हे नेटवर्कवरचं बोलणं टिपणारं साधन तसं करतं. प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर असेल आणि एक्सचं बोलणं साध्या टीसीपीवरून चाललं असेल, तर ते ६००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकू येतं. हे पहिल्या डिस्प्लेचं, म्हणजे :० चं; :१ असेल तर ६००१ वर. पण एकाच यंत्रावर हे बोलणं बहुधा युनिक्स सॉकेटमधून, म्हणजे यंत्राच्या आतल्या वाटेनं होतं, तिथं टीसीपीडंपला काही ऐकू येत नाही.

एक्सट्रेस मधे बसतं. ते स्वतःच खोटा डिस्प्ले उभा करतं, वेगळं काही सांगितलं नाही तर :९ क्रमांकाचा. प्रोग्रॅम त्यालाच सर्व्हर समजून मागण्या देतो. एक्सट्रेस त्या लिहून घेतं आणि खऱ्या :० कडे पुढं पाठवतं. तिकडून आलेलं उत्तरही लिहून मगच इकडं देतं. म्हणजे ही कचेरीतली आवक-जावक झाली. कागद त्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढं सरकतच नाही. माझं मत ‘आवक-जावक नोंद’ला.

बीड
शब्द काय बी ठेवा. पण ह्याचा उपयोग काय, कोणी करून बघितलंय का? आणि सर्व्हर म्हणजे तर लांब कुठंतरी खोलीत ठेवलेलं यंत्र ना? ते पडद्यापाशी कामून आलं?

नांदेड
भाऊ, एक्समध्ये हे उलटंच वाटतं. ज्याच्या ताब्यात पडदा, कीबोर्ड आणि माउस, तो सर्व्हर. त्या वस्तू वापरू मागणारा प्रोग्रॅम हा क्लायंट. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स सुरू झालं, १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली, आणि हीच मांडणी आजवर टिकली. मोजणी जोरात करणारं यंत्र लांब आणि सर्व्हर तुमच्या टेबलावर, असंही असू शकतं.

उपयोगाचं उदाहरण देतो. एका खिडकीतून ‘परभणी’ कॉपी केलं, दुसरीत पेस्ट केलं तर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. सगळे फाँटला शिव्या देतात. आवक-जावक बघितली की वेगळंच दिसतं. एक्समध्ये कॉपी केलेला मजकूर सर्व्हरकडं नसतो, ज्या प्रोग्रॅमनं कॉपी केला त्याच्याचकडं राहतो. पेस्ट करणारा ‘कन्व्हर्टसिलेक्शन’ ही मागणी सर्व्हरला देतो. सर्व्हर मालक-प्रोग्रॅमला ‘सिलेक्शनरिक्वेस्ट’ कळवतो. मालक तो मजकूर मागणाऱ्याच्या खिडकीवर प्रॉपर्टी म्हणून चिकटवतो आणि ‘सिलेक्शननोटिफाय’ पाठवतो. मग मागणारा ती प्रॉपर्टी वाचतो. ह्या पहिल्याच मागणीत कोणत्या रूपात मजकूर हवा ते लिहिलेलं असतं. तिथं ‘यूटीएफ८_स्ट्रिंग’ऐवजी नुसतं ‘स्ट्रिंग’ असेल, तर त्याचा अर्थ लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांपुरता अक्षरसंच. त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणून मालकानं बिचाऱ्यानं प्रश्नचिन्हं दिली. दोष पेस्ट करणाऱ्याचा, तोही एका ओळीत सापडलेला.

एक लक्षात ठेवा: दोन्ही प्रोग्रॅम :९ वरून सुरू करा. एक थेट :० ला जोडलेला असेल तर त्याची बाजू नोंदीत येत नाही.

परभणी
मी महसूल खात्यातून निवृत्त, संगणकातलं फार कळत नाही. पण आवक-जावक आयुष्यभर सांभाळली, म्हणून विचारतो. तिथं आवक क्रमांक असतो. इथं काय?

नांदेड
काका, नेमकं विचारलंत. संदेश चार जातींचे: मागणी, तिचं उत्तर, घडलेल्याची खबर आणि चूक. मागणीवर क्रमांक लिहिलेलाच नसतो, दोन्ही बाजू आपापल्या मनात मोजत जातात. सर्व्हरकडून उलट आलेल्या कागदावर मात्र सोळा बिटांचा क्रमांक असतो, त्यावरून कोणत्या मागणीचं हे ते जुळवायचं. खबर आणि चूक सहसा प्रत्येकी ३२ बाइटांची, उत्तर कमीत कमी तेवढं. प्रोग्रॅमच्या वतीनं सर्व्हरशी बोलणारं एक्सलिब मागण्या साठवून गठ्ठ्यानं पाठवतं, त्यामुळं चूक कळेपर्यंत प्रोग्रॅम बराच पुढं गेलेला असतो. क्रमांक जुळवला नाही तर माणूस भलत्याच ओळीवर संशय घेतो.

परभणी
मग शब्द तयारच आहेत. मागणीला अर्ज, उत्तराला जबाब, खबरेला वर्दी. चुकीला त्रुटी म्हणा, अर्ज परत येतो तेव्हा हाच शेरा असतो. आणि हे साधन बाइटांचे आकडे वाचून माणसाला कळेल असं लिहून देतं म्हणता, तर त्याला तर्जुमा. आमच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द रोजचा. हैदराबाद संस्थानानं १९१७ मध्ये दारुत्तर्जुमा ही भाषांतराची कचेरी काढून शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणायला घेतली होती. तुम्ही करताय ते काम जुनंच आहे.

जालना
एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या व्यवस्थेचं, वेलँडचं काय करणार? तिथं मधे बसायची गरजच पडत नाही. वेलँड_डीबग या चलाची किंमत १ ठेवून प्रोग्रॅम सुरू केला की लिबवेलँड हे ग्रंथालयच (प्रोग्रॅम वापरतो तो तयार कोडचा संच) सगळे संदेश छापत जातं. प्रोग्रॅम आपलं आपण लिहितोय, त्याला आवक-जावक कारकून कसं म्हणायचं? मी ‘रोजनिशी’ म्हणेन. शिवाय चित्राचे ठिपके त्यात दिसत नाहीत. ते सामाईक स्मृतीत राहतात, संदेशातून फक्त तिचा दाखला जातो. खिडकी काळी का, हे नुसत्या नोंदीवरून दर वेळी कळेल असं नाही. एक्समध्येही सामाईक स्मृती वापरली की हीच अडचण.

लातूर
पटलं. साधनाचं नाव नोंद कोण करतो त्यावरून ठरवतो. बाहेरून ऐकलं तर कानोसा, मधे बसून लिहिलं तर आवक-जावक, प्रोग्रॅमनंच लिहिलं तर रोजनिशी. अर्ज, जबाब, त्रुटी घेतले. तर्जुमा समासात टाकतो, पोरं विचारतील तेव्हा सांगीन. वर्दीचं मात्र अवघड आहे, सगळ्यांना पोलिसाचे कपडेच आठवतील.

छत्रपती संभाजीनगर
मग ‘घटना’ ठेवा.

परभणी
घटना म्हटलं की बाबासाहेब आठवतात, आणि ते बरंच आहे. पण वर्दी दिली, वर्दी आली, असं गावोगाव बोलतात. क्रियापदासकट शिकवा, कपडे आपोआप उतरतील.

लातूर
काका, वर्दी ठेवली.

नांदेड
सर, टिपणात अजून एक ओळ घाला. एक्सच्या आवक-जावकमध्ये दाबलेल्या प्रत्येक कळीची वर्दी येते, म्हणजे त्या खिडकीत टाइप केलेला पासवर्डही कळीकळीनं येतो. मदत मागताना पोरं अख्खी नोंद चिकटवतात. आधी ‘कीप्रेस’ आणि ‘कीरिलीज’च्या ओळी काढायला सांगा.