झीना आणि गॅब्रिएल यांच्यावर मराठीत फॅनफिक: दोन ‘ती’, संबोधन आणि शेवट

रानजाई
नमस्कार मंडळी. ‘झीना: वॉरिअर प्रिन्सेस’ (१९९५ ते २००१) या मालिकेतील झीना आणि गॅब्रिएल यांच्यावर मी मराठीत दीर्घ फॅनफिक (मूळ पात्रे घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा) लिहीत आहे. मालिकेने या दोघींचे प्रेम सहाही सीझन सूचकतेच्या आडोशाला ठेवले. दुसऱ्या सीझनमध्ये त्यांचे चुंबन होते, पण तेव्हाही झीनाचा आत्मा ऑटोलिकस या चोराच्या शरीरात असतो आणि ऐन क्षणी कॅमेरा त्याच्यावर जातो. माझ्या कथेत मला हा आडपडदा नको आहे. मात्र लिहायला बसले की प्रत्येक वाक्यात ‘ती’ आणि ‘तिने’ यांची गर्दी होते आणि कोणी कोणाचा हात धरला, हेच कळेनासे होते. दुसरी अडचण संबोधनाची. गॅब्रिएल ही घर सोडून आलेली पोरसवदा खेडवळ मुलगी, तर झीना ही रक्तपाताचा भूतकाळ पाठीशी असलेली सेनानी. या दोघींनी एकमेकींना काय म्हणावे? शिवाय शेवट मालिकेतलाच ठेवावा का, याबद्दलही आपले मत हवे आहे.

ओसरीवरून
स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत मराठी क्रियापद निम्मे काम परस्पर करून टाकते. ‘थांबला’ आणि ‘थांबली’ एवढ्यावर वाचकाला सगळे कळते. इथे ती सोय नाही. इंग्रजी फॅनफिकमध्ये यावर ‘सोनेरी केसांची तरुणी’, ‘उंच योद्धी’ अशी बिरुदे नावाऐवजी वापरण्याची खोड आहे, ती कृपया उचलू नका. जिच्या मनातून आपण प्रसंग पाहतो आहोत, त्या गॅब्रिएलला झीना कधीही ‘काळ्या केसांची योद्धी’ म्हणून दिसणार नाही.

माझा अनुभव असा की सर्वनामांचा गोंधळ बहुधा कृती मोघम असल्यामुळे होतो. हे पाहा:

‘तिने तिचा हात हातात घेतला. ती काही बोलली नाही. तिला तिच्या बोटांतली थरथर जाणवली.’

आणि हे:

‘झीनाने हात पुढे केला. गॅब्रिएलने जखमेवरची पट्टी सोडवली, राखेने माखलेली बोटे एकेक करून पुसली आणि पुसून झाल्यावरही सोडली नाहीत.
“दुखतंय?”
“नाही.”
“मग थरथरतेस का?”’

दुसऱ्या उताऱ्यात ‘ती’ एकदाही आलेली नाही, कारण जखम कोणाची आणि पट्टी कोण सोडवते आहे, हे ठरल्यावर पुढची वाक्ये कर्त्याशिवायही चालतात. याहून सोपा मार्ग मालिकेनेच देऊन ठेवला आहे. गॅब्रिएल कथा सांगणारी आहे, झीनाच्या साहसांची भेंडोळी तीच लिहिते. निवेदन तिच्या तोंडी ‘मी’ने केले, तर ‘ती’ म्हणजे झीनाच, दुसरी कोणी नाही.

निळावंती
संबोधनाबद्दल सांगते. आरंभी गॅब्रिएलने ‘तुम्ही’ म्हणावे आणि जवळीक वाढल्यावर कधीतरी नकळत ‘तू’ निघून जावे. इंग्रजी लेखिकेला असा क्षण मिळतच नाही, मराठीत तो आयता मिळतो आहे, मग का सोडावा?

पाटीपेन्सिल
निळावंती यांच्याशी मी सहमत नाही. एक जण ‘अहो’ म्हणते आणि दुसरी ‘अगं’, हे चित्र मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे; ते आपल्या आजी-आजोबांच्या संसाराचे आहे. गॅब्रिएलला ‘अहो झीना’ म्हणायला लावले की ती बायको आणि झीना नवरा, असा साचा नकळत तयार होतो, आणि मग दोन स्त्रियांची गोष्ट लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. दोघींना पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणू द्या.

मात्र त्यातही एक खाचखळगा आहे. ‘अगं’ आपल्याकडे कोणीही मैत्रीण कोणाही मैत्रिणीला म्हणते, एका अंथरुणात झोपणेही कोणाला वावगे वाटत नाही. त्यामुळे तुम्ही कितीही हळुवार लिहिले, तरी वाचक ‘किती जिवाभावाच्या मैत्रिणी’ म्हणून पुढे जाईल आणि मालिकेतली सूचकता तुमच्या मनाविरुद्ध परत येईल. कथेच्या पहिल्या तृतीयांशातच एकीच्या तोंडून ते सरळ वदवून घ्यावे, म्हणजे पुढचे प्रत्येक ‘अगं’ वेगळे ऐकू येते.

ओसरीवरून
हे पटले. माझाही कल आधी ‘तुम्ही’कडेच झुकत होता.

निळावंती
मला अजूनही वाटते की पहिल्या दोन-तीन भेटींपुरते ‘तुम्ही’ खपून जाईल, कारण तेव्हा झीना तिच्यासाठी अनोळखी आणि धाक वाटावा अशी आहे. पण ‘अहो’ नको, हे मान्य.

आता शेवटाविषयी. २००१ च्या अखेरच्या भागात जपानमध्ये झीनाचा शिरच्छेद होतो. सूर्यास्तापूर्वी तिची राख फुजी पर्वतावरच्या झऱ्यात विसर्जित केली तर ती जिवंत होऊ शकते, पण तिच्यामुळे जळून मेलेल्या चाळीस हजार जीवांच्या मुक्तीसाठी ती गॅब्रिएलला थांबवते. हौतात्म्य म्हणून हे उत्तम असेल, परंतु एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघींपैकी एकीने मरायचे, हा साचा प्रेक्षकांनी फार वेळा पाहिला आहे. २०१६ मध्ये ‘द हंड्रेड’ या मालिकेत स्त्रीवर प्रेम करणारी लेक्सा मेली, तेव्हा प्रेक्षकांचा संताप उसळला तो त्यामुळेच. आपल्याकडे १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली, स्त्रीवरच प्रेम करणारी सुमित्राही शेवटी जगत नाही. त्या नाटकाचे धाडस मोठे होते, पण आज लिहिणाऱ्यावर तो शेवट बंधनकारक नाही.

तुम्हाला मूळ कथा मोडायची नसेल, तर चौथ्या सीझनचा उपयोग करा. त्यात या दोघी भारतात येतात, मेंदीचे नक्षीकाम अंगावर येते आणि त्यांचे आत्मे पुढच्या जन्मांतही एकमेकांना भेटत राहणार, असे कळते. (सात जन्म हाच जोडीदार मिळावा म्हणून वडाला फेऱ्या घालणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागणार नाही.) नव्या जन्मात, नव्या नावांनी त्याच दोघींची कथा लिहिण्याचा ‘उबर’ हा प्रकार झीनाच्या चाहत्यांनीच रुजवला.

रानजाई
सर्वांचे आभार. निवेदन गॅब्रिएलकडे देते, ‘अहो’ काढून टाकते. झीनाचा मृत्यू मात्र ठेवीन आणि उत्तरार्ध पुढच्या जन्मात नेईन. कथा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या संकेतस्थळावर टाकणार आहे. पुढे दोघी पुन्हा भेटतातच, मग मृत्यूची सूचना आधीच देऊन वाचकाची उत्कंठा घालवावी का?

पाटीपेन्सिल
द्यावी. तिथे प्रमुख पात्राच्या मृत्यूसाठी स्वतंत्र इशारा आहे. तो लावायचा नसेल, तर ‘इशारे न देण्याचे लेखिकेने ठरवले आहे’ हा पर्यायही आहे, पण या जोडीचे वाचक त्या बाबतीत होरपळलेले आहेत. इशारा लावा आणि पुनर्जन्माचा टॅग त्याच्या शेजारीच द्या. ज्यांना झीनाला पुन्हा मरताना पाहायचे नाही, ते थेट उत्तरार्ध उघडतील.