मदत हवी आहे – वारीनंतर टाचेमागची शीर चार महिने दुखतेय, आराम करूनही बरी होत नाहीये

तुळशीमाळ:

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज नाइलाजाने लिहितेय. वय ५१, राहायला ठाण्यात, बँकेत दिवसभर खुर्चीत बसून काम, आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. यंदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचंच असं ठरवून रजा टाकली. तयारी म्हणाल तर रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या, तेवढीच.

पुण्यापर्यंत मस्त होते. पुणे-सासवडच्या दिवशी बूट पावसात भिजले म्हणून पिशवीतली सपाट चप्पल घातली आणि त्याच चपलेवर दिवे घाट चढले. घाट संपता संपता डाव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला, काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं, माझी आजी तिथल्या शिरेला धोंडशीर म्हणायची. सासवडच्या मुक्कामावर हात लावून बघितलं तर गरम लागत होतं आणि पाय वरखाली केला की आत करकर होत होती. तरी माउलीचं नाव घेऊन चालत राहिले, जेजुरी झाली, वाल्हं झालं, लोणंदपर्यंत लंगडत आणि मग फलटणपासून दिंडीच्या ट्रकमध्ये. ट्रकमध्ये बसले तेव्हा जे रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं, असो.

घरी आल्यावर दीड महिना पूर्ण आराम केला. लिफ्टशिवाय हलले नाही, शेकलं, बाम चोळला, मुलाने क्रेप बँडेज आणून दिलं ते बांधलं. दुखणं गेलं! आणि गणपतीत चार दिवस धावपळ झाली की हजर. परत आराम, परत बरं, परत नवरात्रात तेच. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली वीस-पंचवीस पावलं भिंत धरून टाकते, जिना एका अंगाने उतरते, आणि शीर चिमटीत धरली तर चिंचोक्याएवढी गाठ लागते. एक्स-रेत काही नाही. सोनोग्राफीत शीर जाड झालीय, फाटलेली नाही असं आलंय. एका डॉक्टरांनी तिथे इंजेक्शन घेऊ म्हणून सुचवलंय, मला भीती वाटतेय. एवढा आराम करून बरं का होत नाही? आणि पुढच्या आषाढीला चालता येईल का, हे खरं विचारायचंय.

हरिहर_नाशिक:

एरंडेल तेल कोमट करून रात्री लावा, वर एरंडाचं पान बांधा. आमच्याकडे सगळे हेच करतात. आणि आराम, आराम, आराम. ह्या वयात वारी म्हणजे जरा अतीच झालं ताई.

टेकडीफिरस्ता:

वयाचं राहू द्या हो, आमच्या टेकडीवर सत्तरीचे लोक आम्हाला मागे टाकून जातात. ताई, मला हेच झालं होतं, सातारा हिल मॅरेथॉनच्या तयारीत यवतेश्वरचा घाट एकाच महिन्यात फार जास्त वेळा चढलो. तुमच्यासारखाच शहाणपणा केला, म्हणजे दुखलं की झोपून राहायचं आणि बरं वाटलं की थेट जुन्या अंतरावर उडी. आठ महिने गेले त्यात. आराम करून दुखणं थांबतं पण शीर त्या काळात अजून कमजोर होते, मग साधं चालणंसुद्धा तिला जड जातं. हे मला कुणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं. शमीचं बघा, २०२३ च्या वर्ल्डकपनंतर ह्याच शिरेचं ऑपरेशन झालं आणि परत यायला त्याला वर्षभर लागलं, आपण तर बँकवाले.

पोळपाट-लाटणं:

माझी शीर वेगळी पण इंजेक्शनवरून लिहितेय. मला टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरची शीर दुखते ते, टेनिसची रॅकेट जन्मात धरलेली नाही, पोळ्या आणि पिळायचे कपडे. (सचिनला २००४ मध्ये झाला तेव्हा सगळ्या पेपरात बातम्या, आम्हाला झाला तर म्हणे बाई, जरा हळू लाटा.) स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, दोन महिने स्वर्ग, दिवाळीचा फराळ केला सगळा एकटीने, आणि नंतर आधीपेक्षा वाईट. नंतर फिजिओने सांगितलं की टेनिस एल्बोत हे नेहमीचंच, पहिले काही आठवडे छान आणि वर्षाने बघितलं तर न घेतलेले लोक जास्त बरे असतात. शेवटी पाण्याची अर्धा लिटरची बाटली हातात धरून मनगट हळूहळू खाली सोडायच्या व्यायामानेच फरक पडला, चार महिने लागले.

खडूस फिजिओ:

कोल्हापूरला प्रॅक्टिस करते. तुळशीमाळताई, तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंय की पेशंटने असं सांगितलं तर माझा अर्धा तास वाचेल. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण लिहिलंय त्यावरून हे अकिलीस टेंडिनोपथीसारखं वाटतंय, म्हणजे टाचेमागच्या ह्या शिरेचा (टेंडनचा) बिघाड, तोही टाचेच्या हाडापासून थोडा वर. पोटरीचे स्नायू ह्या दोरीने टाचेला बांधलेले असतात, पळताना तिच्यावर वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो, आणि टाचेपासून दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा मुळातच कमी. म्हणून गाठ बहुतेक वेळा तिथेच लागते.

सुरुवातीला सूज होती, करकर होती, ती शिरेवरच्या आवरणाची. आता चार महिन्यांनी जे आहे ते सूज कमी आणि विस्कटलेले धागे जास्त, म्हणूनच हल्ली टेंडिनायटिस (शिरेची सूज) न म्हणता टेंडिनोपथी म्हणतात. सुजेच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, धागे काही जुळत नाहीत. आणि गंमत सांगू, डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून मोजलं तर ह्या शिरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे तुम्ही दिवे घाट चढलात ती शीर तुमच्या अकरावी-बारावीतली आहे. तिला दोन फेऱ्यांची सवय आणि तुम्ही एका दिवसात तीसेक किलोमीटर, घाटासकट, सपाट चपलेवर. सपाट चपलेत टाच खाली जाते आणि शीर जास्त ताणली जाते, चढावर तर अजूनच. शुगरमुळेही शिरेतले धागे एकमेकांना चिकटून कडक होतात, डायबेटिसवाल्यांत ट्रिगर फिंगर (वाकवलेलं बोट अडकणं) आणि खांदे आखडणं जास्त दिसतं ते ह्याच्याच आसपासचं.

शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) किती होतं? आणि वारीत काही औषधं घेतली होती का? सांगा, मग पुढचं लिहिते.

तुळशीमाळ:

७.८. औषधं म्हणजे... जेजुरीला पोट बिघडलं होतं, दिंडीतल्या एका काकांनी पाच दिवसांची पाकिटं दिली, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. त्याचा काय संबंध?

गोळीवाले काका:

संबंध आहे! तीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवलं, ही गोळी लोक जुलाबावर चिवड्यासारखी मागतात. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही एकाच घरातली भावंडं, आणि ह्यांनी शिरा दुखावतात, कधी तुटतातही, सगळ्यात जास्त हीच टाचेची. अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ मध्ये ह्यावर काळ्या चौकटीतली वॉर्निंग टाकायला लावली. साठीच्या पुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका अजून वाढतो. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही त्रास होऊ शकतो. तुमचं दुखणं गोळीच्या आधी सुरू झालं म्हणजे सगळा दोष तिचा नाही, पण लंगडणाऱ्याला मागून धक्का दिल्यासारखं झालं. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की हे आधी सांगा. आणि उलटा अर्थ काढू नका कुणी, डॉक्टरांनी गरज म्हणून दिलेली अँटिबायोटिक मनाने बंद करायची नाही, दुखायला लागलं तर त्यांना फोन करायचा.

खडूस फिजिओ:

काकांनी माझं काम केलं. इंजेक्शनबद्दल, स्टिरॉइड असेल तर ह्या शिरेत घ्यायला मी स्वतः नको म्हणते, तुटण्याची भीती असते, डॉक्टरांना नेमकं कशाचं आणि कुठे ते विचारा आणि गोळ्यांचंही सांगा.

आता काम. पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या आणि वरच धरून ठेवायच्या, चाळीस-पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबायचं. ह्याने काहींना दुखणं जरा शांत होतं. मग जिन्याची पायरी. कठडा धरून फक्त चवडे पायरीवर, दोन्ही पायांनी वर या, सगळं वजन डाव्यावर घ्या, आणि मनात पाच मोजत डावी टाच पायरीच्या खाली जाऊ द्या. वर येताना परत दोन्ही पाय. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि आतला वाकवल्यावर जास्त कामाला लागतो. मूळ कृती दिवसातून दोनदा, बारा आठवडे अशी आहे, तुम्ही एकदाने सुरू करा. हे स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन ह्यांचं. त्यांची स्वतःची शीर दुखायची, साहेब ऑपरेशन करू देईनात, म्हणून मुद्दाम वाईट करायला गेले आणि बरे झाले! १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी पळणाऱ्यांवरचा पेपर छापला.

करताना दुखेल. दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची पावलं वाढता कामा नयेत, वाढली तर सेट कमी. सकाळची पावलं हाच तुमचा मीटर, रोज मोजून लिहा. दुखणं टाचेच्या हाडावरच असतं तर मी पायरीखाली जाऊ दिलं नसतं, सपाट जमिनीवरच करायला लावलं असतं, म्हणून वाचणाऱ्यांनी हे आंधळेपणाने उचलू नका. घरात अनवाणी फिरू नका, थोडी टाच असलेली चप्पल. एरंडेल लावायचं तर लावा, जिना चढताना घसरू नका म्हणजे झालं.

आणि मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट् आवाज आला, चवड्यावर उभं राहता येईना, तर व्यायाम-बियाम सोडून त्याच दिवशी ऑर्थोकडे.

टेकडीफिरस्ता:

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीच फरक नाही असं वाटून सोडावंसं वाटतं बरं का. मी दोनदा सोडलं. सोडू नका.

तुळशीमाळ:

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा. इथल्या एका फिजिओकडे जाऊन तपासून घेतलं, त्यांनीही हेच करायला लावलं. ऑर्थोंना गोळ्यांचं सांगितल्यावर त्यांनीच इंजेक्शनचा विषय बंद केला. वहीत रोज पावलं लिहिते, पंचवीसवरून सहावर आलीत, मध्ये लग्नाच्या खरेदीला दादरला फिरले तेव्हा दोन दिवस चौदा झाली आणि माझा जीव वर-खाली. गाठ तेवढीच आहे. जिना आता सरळ उतरते. शेजारच्या वहिनी विचारतात, रोज सकाळी जिन्यात उभं राहून कोणाची वाट बघता.

गाठ जाईल का? आणि आषाढीचं कुणीच सांगितलं नाही अजून.

खडूस फिजिओ:

गाठ राहू शकते, दुखणं गेलं तर तिच्याशी भांडू नका. बारा आठवडे झाले की हातात वजनाची पिशवी घेऊन तेच करायचं. चालणं तलावपाळीच्या दोन फेऱ्यांपासून, दर आठवड्याला थोडंच वाढवत, मे महिन्यात लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर आणि तिसऱ्या सकाळी वहीत काय येतं ते इथे लिहा, मग बोलू आषाढीचं. बूट दोन जोड घ्या, एक भिजला तर दुसरा.