गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर

पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी देतात त्या 'हार्मोनच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक येतो' असं एका ताईंनी लिहिलंय. ही भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या या गोळ्यांच्या मोठ्या चाचणीतून आली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी सुरुवात केली तर चित्र बरंच वेगळं दिसतं. अर्थात, निव्वळ हृदय जपायला म्हणून हे उपचार घ्यायचे नसतात.

मला खरी काळजी वाटते ती तरुणपणी ऑपरेशन झालेल्यांची. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, आठवत असेल. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन (बायकांचं मुख्य हार्मोन) हळूहळू नाही, एकदम तुटतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तवाहिन्या ताठर होत जातात. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल आणि स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला असतो. गुठळ्यांच्या दृष्टीने गोळीपेक्षा त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल बरं.

माझ्या मावशीचं ऑपरेशन अडतिसाव्या वर्षी झालं. यातलं तिला कुणीच काही सांगितलं नाही. घरात कुणाचं झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा, अंडाशयं ठेवलीत की नाही ते त्यात लिहिलेलं असतं.